एकच बूट, अनेक वाटा : अनुभवी डोंगरभटक्यांनी काय पाहावे?

धरमतर, प्रतिनिधी

धरमतर हे नाव वृत्तपत्रांच्या वाचकांना परिचयाचे आहे ते प्रामुख्याने सागरी जलतरणामुळे. धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे सुमारे ३६ किलोमीटरचे अंतर पोहून पार करणाऱ्या मुलामुलींच्या बातम्या अधूनमधून प्रसिद्ध होत असतात. डोंगरभटक्यांच्या लेखी मात्र या खाडीचा परिसर वेगळ्याच कारणाने महत्त्वाचा आहे. सह्याद्रीत उगम पावणारी अंबा नदी पाली, नागोठणे असा प्रवास करीत धरमतरच्या खाडीला मिळते. तिच्या आणि शेजारच्या कुंडलिकेच्या खोऱ्यात पेण व रोहे तालुक्यांतील अनेक लहानमोठे किल्ले उभे आहेत. पेणजवळचा सांकशी, रोह्याजवळचा अवचितगड, खांबजवळचा सूरगड, मुरूडच्या बाजूचा घोसाळगड ही त्यांतील काही ठळक नावे. मुंबईहून पहाटे निघावे आणि रात्री घरी परतावे, असे हे गड आहेत.

उंची फारशी नाही, अंतर थोडे, म्हणून पायांत काहीही असले तरी चालेल, असा समज या गडांबाबत हमखास आढळतो. प्रत्यक्षात अडचण उंचीची नसून विविधतेची आहे. पेणच्या खारेपाटात आणि भातखाचरांच्या बांधावर चिकट चिखल असतो. पायथ्याच्या जंगलात ओल्या पालापाचोळ्याचा थर असतो. सोंडेवर सुटा मुरूम आणि घसारा असतो आणि माथ्याजवळ काळा कातळ, त्यात खोदलेल्या झिजक्या पायऱ्या व खोबण्या असतात. हे सारे चार-पाच तासांच्या एकाच चालीत भेटते. नवशिक्याला दुकानदार देईल तो बूट पुरतो, कारण तो सोप्या वाटेनेच जातो. परंतु वर्षाकाठी पंधरा-वीस गड करणारा, पावसाळ्यातही बाहेर पडणारा, अवघड वाटा शोधणारा अनुभवी भटक्या एकच जोड घेऊन या सर्व वाटा चालू पाहतो. त्याच्यासाठी बुटाची निवड ही खरोखरच विचार करण्याची बाब ठरते.

सरासरी वाट नव्हे, कठीण दहा पावले

बूट निवडताना बहुतेक जण आपण सर्वाधिक काळ कोठे चालतो याचा विचार करतात. मळलेली पायवाट, गावातला रस्ता, जंगलातला सपाट पदर यांवर आरामदायी वाटणारा मऊ, गुबगुबीत बूट त्यामुळे पसंत पडतो. या हिशेबात एक मोठी चूक आहे. मळलेल्या वाटेवर पाय घसरला तर फार तर कपडे मळतात. कातळटप्प्यावर किंवा दरीलगतच्या आडव्या वाटेवर घसरला तर प्रसंग जिवावर बेततो. चालीतील दहा हजार पावलांपैकी अशी पावले दहा-वीसच असतात, पण बुटाची खरी कसोटी तेथेच लागते.

म्हणून अनुभवी भटक्याने पहिला प्रश्न विचारावा तो असा : आपल्या वर्षभराच्या भटकंतीत सर्वांत धोक्याची जमीन कोणती? गेल्या वर्षभरातल्या चालींची यादी कागदावर काढली तर उत्तर लवकर मिळते. पेण-रोह्याच्या परिसरापुरते बोलायचे तर ही जमीन दोन प्रकारची आहे. पहिली, पावसाळ्यातला व त्यानंतरच्या काही आठवड्यांतला ओला कातळ. दुसरी, डिसेंबरनंतर उतारावर सुटणारा कोरडा घसारा. चिखल त्रास देतो, पालापाचोळा दमवतो. घात करतात ते हे दोघे. या दोन जमिनींवर बूट कमी पडता कामा नये, बाकीच्या ठिकाणी थोडी गैरसोय सोसता येते. सर्व वाटांवर सारखाच चांगला चालणारा बूट अद्याप कोणी बनवलेला नाही. जाहिराती काहीही म्हणोत, प्रत्येक बूट ही एक तडजोड असते. कोणती तडजोड स्वीकारावी, एवढेच ग्राहकाच्या हाती असते.

हा प्रश्न केवळ सह्याद्रीतल्या भटक्यांचा नाही. गुलमर्ग किंवा औली येथे बर्फावर स्कीइंग करणाऱ्यांपुढेही तो असतोच. दाबून कडक केलेल्या बर्फावर वेगाने वळणे घेण्यासाठी मधोमध ६५ ते ७५ मिलिमीटर रुंदीची अरुंद स्की लागते, तर ताज्या भुसभुशीत बर्फावर तरंगण्यासाठी ११० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद स्की सोयीची पडते. ज्यांना एकाच जोडावर सारा डोंगर उतरायचा असतो, ते साधारण ८५ ते १०० मिलिमीटरच्या दरम्यानची ‘ऑल माउंटन’ स्की घेतात. ती दोन्हीकडे थोडी कमी पडते, पण कोठेही पूर्ण निकामी ठरत नाही. जाणता स्कीपटूही आपल्या वाट्याला कडक बर्फ अधिक येतो की भुसभुशीत, हे पाहूनच या मर्यादेतली नेमकी रुंदी ठरवतो. सह्याद्रीच्या बुटाला हाच न्याय लागू पडतो. फरक एवढाच, की येथे मोजमाप रुंदीचे नसून रबराचे आणि तळाच्या दातांचे आहे.

रबर कातळाला कसे धरते?

बुटाचा तळ रबराचा असावा, ही गोष्ट आज गृहीत धरली जाते. पण १९३० च्या दशकापर्यंत युरोपातले गिर्यारोहक खिळे ठोकलेले चामडी बूट वापरीत आणि कातळावर चढताना पातळ तळाचे हलके जोडे घालीत. १९३५ मध्ये इटालियन आल्प्समधील एका चढाईत वादळात सापडून सहा गिर्यारोहक मृत्युमुखी पडले. कातळासाठी घातलेले त्यांचे हलके जोडे थंडी व बर्फापुढे निरुपयोगी ठरले होते. त्या चमूतील विताले ब्रामानी यांनी या दुर्घटनेनंतर कातळ व बर्फ या दोन्हींवर चालेल अशा तळाचा ध्यास घेतला आणि १९३७ मध्ये खोल दात असलेला रबरी सोल तयार केला. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘व्हिब्रम’ हे नाव रूढ झाले. १९५४ साली के-टू शिखरावर पहिले पाऊल ठेवणाऱ्या इटालियन मोहिमेतही हेच सोल वापरले गेले होते. एकाच बुटाने अनेक जमिनी चालण्याची कल्पना अशी एका दुर्घटनेतून जन्माला आली.

रबराची पकड दोन गोष्टींवर अवलंबून असते. एक म्हणजे मऊपणा. वजन पडल्यावर मऊ रबर दगडाच्या बारीक खाचखळग्यांत शिरते आणि तेथे अडकून राहते. कडक रबर वरच्यावर टेकते व सटकते. मात्र मऊ रबर लवकर झिजते, आणि काळ्या कातळाच्या व मुरमाच्या वाटांवर तर फारच लवकर. दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष टेकणारे क्षेत्रफळ. कातळावर जितका जास्त सपाट भाग टेकेल तितकी पकड चांगली. गिर्यारोहकांचे कातळारोहणाचे बूट म्हणूनच तळाशी गुळगुळीत असतात.

ओल्या कातळाचे गणित थोडे वेगळे आहे. नुसता पाण्याने भिजलेला, पण स्वच्छ व खरबरीत कातळ मऊ रबराला बऱ्यापैकी साथ देतो, कारण पायाच्या दाबाने पाणी बाजूला सारले जाते. परंतु कातळावर शेवाळ असेल तर रबर आणि दगड यांच्यामध्ये एक बुळबुळीत थर कायम राहतो. त्यावर कोणत्याही किमतीच्या, कोणत्याही कंपनीच्या बुटाची पकड भरवशाची नसते. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि सावलीतला कातळ पाऊस सरल्यानंतरही बराच काळ शेवाळलेला राहतो. ही मर्यादा ध्यानात ठेवूनच पुढची निवड करावी लागते.

दात किती खोल असावेत?

चिखलाची गरज कातळाच्या नेमकी उलट असते. चिखलात तळाचे दात खोलवर रुतायला हवेत आणि पाऊल उचलताच मधला चिखल गळून पडायला हवा. त्यासाठी पाच मिलिमीटर किंवा त्याहून खोल आणि एकमेकांपासून दूर असलेले दात उत्तम. हेच दात कातळावर आले की टेकणारा भाग कमी होतो आणि खोबणीच्या कडेवर उभे राहताना ते वाकतात. दात अगदी उथळ व दाट असतील तर चिखल त्यांत भरून बसतो आणि तळ जणू गुळगुळीत होतो.

सह्याद्रीच्या मिश्र वाटांसाठी साधारण चार मिलिमीटर खोलीचे, मध्यम अंतरावरचे दात ही व्यवहार्य तडजोड आहे. त्यातही तीन तपशील पाहावेत. अंगठ्याखाली, बुटाच्या टोकाशी थोडा सपाट रबरी भाग असावा. खोबणीत पाऊल रोवताना तोच उपयोगी पडतो. टाचेच्या मागच्या कडेला धारदार काटकोनी कड असावी. घसाऱ्यावरून उतरताना टाच रोवायला ती लागते. टाच गोलाकार वळवलेला धावण्याचा बूट अशा उतारावर घसरगुंडीसारखा वागतो. तिसरे म्हणजे दातांची दिशा. पुढचे दात चढाला व मागचे दात उताराला अडवतील अशी रचना असलेला तळ एकाच दिशेच्या नक्षीपेक्षा सरस ठरतो.

खाजणातल्या खोल चिखलात मात्र कोणताच बूट कामाचा नाही. तो पायातून ओढून घेतला जातो. खारेपाटातले शेतकरी आणि खाडीत मासे पकडणारे लोक अनवाणी चिखल तुडवतात, ते यामुळेच. डोंगरातले ठाकर व कातकरी बांधवही ओल्या कातळावर अनवाणी सहज वावरतात. बोटे फाकवून दगड धरण्याची त्यांची सवय लहानपणापासूनची असते. शहरातल्या पायाने त्यांची नक्कल करू नये. मात्र ते कातळाच्या कोणत्या भागावर पाऊल ठेवतात, हे बारकाईने पाहावे.

कडकपणा, वजन आणि उंच गळा

बूट हातात घेऊन दोन्ही टोकांनी वाकवून पाहावा. तो बोटांच्या सांध्याशी वाकायला हवा, मधोमध दुमडता कामा नये. मग ओले कापड पिळतो तसा पिळून पाहावा. सहज पिळला गेला तर दगडधोंड्यांच्या वाटेवर पायाला प्रत्येक दगड जाणवेल आणि खोबणीच्या कडेवर टाच खाली झुकेल. अजिबात पिळला गेला नाही तर पायवाटेवर चालणे लाकडी खडावा घातल्यासारखे होईल. कातळात कोरलेल्या खोबण्यांवर वरचेवर जाणाऱ्याने टोकाशी थोडा कडक असलेला बूट घ्यावा. गिर्यारोहणाच्या दुकानांत ‘अ‍ॅप्रोच शू’ या नावाने मिळणारा प्रकार याच हेतूने बनवलेला असतो. चालण्याचा बूट आणि कातळारोहणाचा बूट यांच्या मधली ही जात आहे. ‘ट्रेल रनर’ हा प्रकार हलका व लवकर वाळणारा असतो, पण बहुतेकदा टोकाशी मऊ पडतो.

वजनाकडे ग्राहकाचे फारसे लक्ष नसते. पायातले ओझे पाठीवरच्या ओझ्याच्या चार ते सहा पट दमवते, असे सैनिकांच्या व गिर्यारोहकांच्या चालण्यावरील अभ्यासांतून दिसून आले आहे. म्हणजे जोडामागे अर्धा किलो वाचवला तर पाठपिशवीतले दोन-तीन किलो कमी केल्यासारखे होते. दमलेला पाय उतरताना चुकतो आणि पाय घसरण्याचा धोका परतीच्या वाटेवर अधिक असतो, हे लक्षात घेतले तर हलका बूट ही चैन नसून सुरक्षिततेचीच बाब ठरते. एका दिवसाच्या चालींसाठी प्रत्येकी साडेतीनशे ते साडेचारशे ग्रॅमचा बूट पुरेसा मजबूत असू शकतो.

घोटा झाकणारा उंच बूट घातला की पाय मुरगळत नाही, ही समजूत पूर्णपणे खरी नाही. मुरगळणे रोखतात ते घोट्याभोवतीचे स्नायू आणि तोल सांभाळण्याची सवय. उंच गळ्याचे फायदे वेगळे आहेत. त्यातून खडे आत येत नाहीत, काटे-कारवीचे ओरखडे टळतात आणि गवतात दडलेल्या फुरशासारख्या सापापासून थोडेफार संरक्षण मिळते. उलट उंच गळा घोटा आखडून टाकतो आणि कातळावर तिरके पाऊल टेकवणे कठीण करतो. कातळाला प्राधान्य देणाऱ्याने कमी उंचीचा, तर रानवाटा व गवत यांतून अधिक भटकणाऱ्याने मध्यम उंचीचा बूट घ्यावा.

जलरोधक बूट कोकणात किती कामाचा?

‘वॉटरप्रूफ’ या शब्दासाठी ग्राहक सहज जास्त पैसे मोजतो. अशा बुटांत अस्तर आणि बाहेरचे कापड यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. अमेरिकेतील बॉब गोर यांनी १९६९ मध्ये शोधलेल्या ताणलेल्या पीटीएफईपासून तयार झालेला ‘गोर-टेक्स’ हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. त्याची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की पाण्याचा थेंब आत येऊ शकत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते.

ही वाफ बाहेर जाते ती आत जास्त व बाहेर कमी दमटपणा असल्यामुळे. थंड व कोरड्या हवेत ही क्रिया उत्तम चालते. कोकणातल्या जुलै महिन्यात बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते, त्यामुळे घाम आतच साठतो. शिवाय मुसळधार पावसात पाणी शिरते ते कापडातून नव्हे, तर वरून, घोट्याच्या तोंडातून. ओढा ओलांडताना तर बूट भरूनच जातो. एकदा आत आलेले पाणी तो पडदा बाहेर जाऊ देत नाही. पाय तासन्‌तास डबक्यात राहिल्यासारखे होतात, कातडी पांढरी पडून सोलवटते आणि फोड येतात. पावसाळ्यात कोकणात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आढळतात व त्याचे जंतू जखमेतून शरीरात शिरू शकतात. त्यामुळे सोललेली कातडी ही केवळ गैरसोय राहत नाही.

म्हणूनच पेण-रोह्याच्या पावसाळी वाटांसाठी पडदा नसलेला, जाळीदार कापडाचा, पाणी शिरेल पण चार पावलांत बाहेरही पडेल असा बूट अधिक शहाणपणाचा. सोबत सुती मोजे नकोत. ते पाणी धरून ठेवतात. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे मोजे वापरावेत आणि एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून परतीच्या प्रवासासाठी ठेवावा.

हंटर बुटांचा वारसा

महाराष्ट्रातल्या भटक्यांच्या एका पिढीने सैनिकी सामानाच्या दुकानांत मिळणारे कॅनव्हासचे ‘हंटर’ बूट घालून सारा सह्याद्री पालथा घातला. पुढे स्वस्त देशी बनावटीचे ‘अ‍ॅक्शन’चे ट्रेकिंग बूट लोकप्रिय झाले. २००९ नंतर ‘डेकॅथलॉन’सारख्या साखळी दुकानांमुळे निवडीला वाव मिळाला आणि परदेशी बनावटीचे महागडे बूटही आता शहरांत सहज मिळतात. या प्रवासातून एक धडा घेण्यासारखा आहे. हंटर बूट टिकले ते त्यांचे रबर मऊ, कापड लवकर वाळणारे आणि तळ पातळ असल्यामुळे. पायाखालची जमीन त्यांतून कळत असे. त्यांच्यात धक्का शोषणारा थर नव्हता, टोकाला कडकपणा नव्हता. ही उणीव गुडघ्यांना सोसावी लागली. पालीच्या सरसगडाच्या उंच, खड्या पायऱ्या उतरताना ती विशेष जाणवे. आजचा चांगला बूट म्हणजे हंटरचे गुण अधिक ही उणीव भरून काढणारी रचना, असे मानायला हरकत नाही. किंमत हा त्याचा पुरावा नव्हे. हिमालय वा आल्प्ससाठी बनवलेला महागडा, जड चामडी बूट अवचितगडाच्या दमट जंगलात साध्या बुटापेक्षा वाईट ठरू शकतो.

कपाटात कुजणारा तळ

चार-पाच वर्षे जपून ठेवलेला, दिसायला नव्यासारखा बूट गडाच्या मध्यावर अचानक तळ सोडतो, हा अनुभव अनेकांना येतो. दोष बहुतेक वेळा कारागिरीचा नसून रसायनशास्त्राचा असतो. अनेक बुटांतला मधला, धक्का शोषणारा थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतील बाष्पाशी हळूहळू रासायनिक क्रिया होऊन तो आतून ठिसूळ होतो. ही क्रिया दमट व उष्ण हवेत वेगाने होते, म्हणजे मुंबई-कोकणाच्या हवेत अधिकच. गंमत अशी की न वापरलेला बूट यातून सुटत नाही, उलट हवाबंद डब्यात ओलसर राहिलेला बूट लवकर निकामी होतो.

उपाय साधे आहेत. दर मोसमाच्या आधी मधल्या थरावर अंगठा जोराने दाबून पाहावा. बारीक तडे दिसले किंवा भुगा सुटला तर तो जोड डोंगरावर नेऊ नये. ‘ईव्हीए’ या फोमचा मधला थर असेल तर तो कालांतराने दबतो, पण असा एकाएकी कुजत नाही. तळाभोवती रबराची पट्टी किंवा शिलाई असलेला बूट नुसत्या चिकटवलेल्या बुटापेक्षा भरवशाचा. घरी आल्यावर चिखल धुवावा, आतील तळपट्टी काढावी, वर्तमानपत्राचे बोळे भरून बूट सावलीत वाळवावा. कडक उन्हात किंवा बंद मोटारीत ठेवल्यास गोंद सुटतो. आणि पाठपिशवीत दोन-तीन मीटर मजबूत दोरी असावीच. तळ सुटलाच तर बूट बांधून गावापर्यंत पोहोचता येते.

मुक्कामाच्या चालीत आणखी एक सवय लावून घ्यावी. रात्री बाहेर काढून ठेवलेला बूट सकाळी उलटा करून झटकल्याशिवाय पाय घालू नये. रायगड जिल्ह्यात लाल विंचवाचा दंश जीवघेणा ठरू शकतो. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचे या दंशावरील उपचारांचे संशोधन १९८० च्या दशकात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. तो धोका काल्पनिक नाही.

दुकानात काय करावे?

बूट खरेदी संध्याकाळी करावी. दिवसभराच्या वावरण्याने पाय किंचित फुगलेला असतो आणि डोंगरावरही तो फुगतोच. डोंगरावर वापरायचे मोजे सोबत न्यावेत. नाडी न बांधता पाय पुढे सरकवला तर टाचेमागे एक बोट शिरावे. नाडी बांधल्यावर टाच उचलली जाता कामा नये. मग दुकानातल्या जिन्यावरून किंवा उतरत्या फळीवरून चार-पाच वेळा खाली उतरावे. बोटे पुढे आदळत असतील तर तो बूट परत करावा. सूरगडासारख्या घसाऱ्याच्या वाटेवरून उतरताना तीच नखे काळी पडणार आहेत. क्रमांकावर विसंबू नये. ब्रिटिश क्रमांकातील एका अंकाचा फरक सुमारे साडेआठ मिलिमीटर असतो, तर युरोपीय क्रमांकात तो साडेसहा मिलिमीटरच्या वर असतो. त्यामुळे रूपांतराच्या तक्त्यात हमखास गफलत होते. तळाच्या रबरात नख रुतवून पाहावे. किंचित दबले तर रबर कातळाच्या कामाचे. काचेसारखे कडक लागले तर ते केवळ टिकाऊपणासाठी आहे.

नवा बूट थेट गडावर नेऊ नये. आधी आठवडाभर शहरात वापरावा. मग एखाद्या सोप्या, ओळखीच्या जागी ओल्या दगडावर, जमिनीपासून फूटभर उंचीवरच, त्याची पकड तपासावी. हा बूट किती तिरक्या दगडावर टिकतो आणि कोठे सुटतो, हे पायाला आधी कळलेले असावे. कातळटप्प्यावर ते प्रथमच कळणे परवडणारे नाही.

हिमालयात जाणाऱ्यांनी मात्र एकाच जोडाचा हट्ट सोडावा. मे महिन्यात बर्फाच्या वाटांवर जाताना पडदा असलेला, उबदार, उंच बूट हवाच. बर्फावर रुतणारे लोखंडी काटे, म्हणजे क्रॅम्पॉन, बांधायचे असतील तर कडक तळाचा खास बूट लागतो. सह्याद्रीसाठी घेतलेला जाळीदार बूट तेथे पाय गोठवेल आणि तो जड बूट कोकणात पाय कुजवेल. अनेक वाटांचा बूट याचा अर्थ सर्व पर्वतांचा बूट असा होत नाही.

बुटाचे काम कोठे संपते?

थोडक्यात, पेण-रोह्याच्या परिसरात बारमाही भटकणाऱ्या अनुभवी व्यक्तीसाठी निवड पुढीलप्रमाणे करता येईल : मऊ पकडीचे रबर, सुमारे चार मिलिमीटरचे दात, टोकाशी सपाट व किंचित कडक भाग, टाचेला काटकोनी कड, जाळीदार कापड, पडदा नाही आणि वजन आटोपशीर. असा तळ लवकर झिजेल. टाचेचे किंवा चवड्याखालचे दात सपाट झाले की जोड बदलावा लागेल आणि तो खर्च वर्ष-दीड वर्षात पुन्हा येईल. ही या तडजोडीची किंमत आहे. झिजलेले बूट खारेपाटाच्या व रस्त्याच्या चालींसाठी वापरता येतात, कातळासाठी नाही.

त्यानंतरही एक गोष्ट उरते. चांगला बूट आत्मविश्वास देतो आणि तो कधीकधी बुटाच्या मर्यादेपलीकडे जातो. शेवाळलेल्या कातळावर पूर्ण पाऊल टेकवणे, पावले लहान टाकणे, शरीराचा भार पायांच्या बरोबर वर ठेवणे, अवघड टप्पा कातळाकडे तोंड करून उतरणे आणि गरज पडल्यास दोराचा आधार घेणे हे कौशल्य दुकानात मिळत नाही. पायथ्याच्या गावात वाटेची स्थिती विचारण्यात कमीपणा नाही. गावकरी ‘आज जाऊ नका’ म्हणाले, तर तो सल्ला कोणत्याही तळाच्या हमीपेक्षा मोलाचा असतो. गड पुढच्या आठवड्यातही तेथेच असतात. बूट निवडताना डोळ्यांपुढे ठेवलेली ती कठीण दहा पावले त्या दिवशी टाळणे, हाही अनुभवी भटक्याचाच निर्णय असतो.